'स्वार्थी जनुक' आणि परार्थाची गोची

प्रश्न : 'सेल्फिश जीन'चं मराठी 'स्वार्थी जनुक'. म्हणजे उत्क्रांतीने माणूस मुळातच स्वार्थी ठरतो का? आणि 'अल्ट्रुइझम'ला परमार्थ म्हणायचं की परोपकार?

परमार्थ तर नकोच. त्याची फोड परम + अर्थ. 'पर' म्हणजे दुसरा, हा त्यात कुठेच नाही. परमार्थाची जोडी प्रपंचाशी, स्वार्थासमोर बसतो तो परार्थ. भाषणांतून ऐकू येणाऱ्या 'स्वार्थातून परमार्थ' या शब्दप्रयोगातही बहुतेकदा परार्थच अभिप्रेत असतो.

परोपकार जवळचा, पण त्याला हेतू आणि पुण्य चिकटलेलं. मुंगीला पुण्याशी काय देणंघेणं? जीवशास्त्र फक्त हिशेब बघतं : कृतीमुळे करणाऱ्याची संतती घटली आणि दुसऱ्याची वाढली, की ते परार्थी वर्तन.

'स्वार्थी जनुक' हा शब्दप्रयोग जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांच्या १९७६च्या पुस्तकाच्या नावावरून आला. त्यामागचं गणित जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलं होतं : नात्याचं प्रमाण (म्हणजे नात्यामुळे दोघांत तेच जनुक असण्याची शक्यता) गुणिले दुसऱ्याचा लाभ, हे आपल्या तोट्याहून जास्त भरलं तर ते वर्तन टिकतं. सख्ख्या भावंडाचं प्रमाण १/२, चुलत-मावस भावंडाचं १/८. म्हणजे स्वतःचं एक पिल्लू गमावून सख्ख्या भावंडाची दोनाहून अधिक जादा पिल्लं जगणार असतील, तर तो त्याग घडवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढतात. जनुक स्वार्थी, प्राणी परार्थी! घोटाळा होतो तो मराठीत 'स्वार्थी' हे स्वभावाचं विशेषण असल्यामुळे. जनुकाला स्वभाव नसतो. तिथे त्याचा अर्थ 'ज्याच्या प्रती वाढतात ते' एवढाच. त्यावरून माणसाच्या मनाबद्दल निवाडा देता येत नाही.

गंमत म्हणजे वर्तनाची चौकट भर्तृहरीच्या नीतिशतकात जवळजवळ तयार आहे. स्वार्थ सोडून परार्थ साधणारे सत्पुरुष, स्वार्थाला धक्का न लावता परार्थ करणारे सामान्य, स्वार्थासाठी परहित मारणारे राक्षस, आणि विनाकारण परहित मारणारे; यांना काय म्हणावं ते कवीलाही सुचत नाही. जीवशास्त्रातले परार्थ, उभयलाभ, स्वार्थ आणि द्वेष हे चार प्रकार असेच पडतात. फरक चौथ्यात : जीवशास्त्रातला द्वेष करणाऱ्यालाही तोटा सोसावा लागतो.

नातं नसताना होणाऱ्या देवघेवीवर जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये लिहिलं. तिला 'परस्पर परार्थवाद' म्हणण्यापेक्षा शेतकऱ्यांचा 'सावड' हा शब्द चपखल बसतो : आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. रक्तपिपासू वटवाघळं उपाशी सोबत्याला रक्त ओकून देतात, कारण सलग दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर ती मरतात. देणाऱ्याचा तोटा थोडा, घेणाऱ्याचा जीव वाचतो. सावड मोडते ती फुकट्यामुळे. म्हणून तीच मंडळी पुन्हा भेटणं आणि कोणी फेडलं, कोणी नाही हे लक्षात राहणं गरजेचं. माणसात या दोन्ही गोष्टी भरपूर. त्यामुळे सहकार्य आणि लबाडी, दोन्हींत तो तरबेज.

आणि हो, 'कोऑपरेशन'साठी इथे 'सहकार्य'च लिहा. नुसतं 'सहकार' लिहिलंत तर वाचकाच्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येईल.