विद्यापीठाजवळचं घर आणि आईचा एकच प्रश्न

आईने फोन पुढे केला. पडद्यावर एका फ्लॅटचे सहा फोटो: पांढऱ्या भिंती, लाकडी पलंग, खिडकीत कुंडी. "तुम्हीच सांगा, ही जागा सुरक्षित आहे का? असेल तर आजच टोकन भरतो. संध्याकाळपर्यंतच थांबतो म्हणालाय तो." शेजारी बसलेली मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिला पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नव्हतं, आणि वर्ग सुरू व्हायला १९ दिवस उरले होते.

ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. प्रश्न मात्र दर प्रवेशाच्या हंगामात जसाच्या तसा येतो: परवडणारं घर सुरक्षित वाटत नाही आणि सुरक्षित वाटतं ते परवडत नाही, मग करायचं काय?

सहा फोटोंवरून घराबद्दल कुणालाच काही सांगता येणार नव्हतं. जाहिरातीबद्दल मात्र लगेच सांगता आलं. त्याच भागातल्या तशाच घरांपेक्षा भाडं जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. मालक परदेशात. अनामत रक्कम खात्यात जमा झाली की किल्ली कुरिअरने येणार. आणि आज संध्याकाळची मुदत. यातली एखादी गोष्ट खऱ्या मालकाच्या बाबतीतही असू शकते. चारही एकत्र आल्या की मात्र पैसे भरायचे नाहीत. फोटोवरून शोध घेतल्यावर त्यातले दोन फोटो वेगळ्याच शहरातल्या जाहिरातीत, वेगळ्या फोन नंबरसह सापडले. मुलीने तिथेच मालकाला निरोप पाठवला: "व्हिडिओ कॉलवर इमारतीच्या फाटकापासून सुरुवात करा, दार उघडून आत चला, स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवा आणि खिडकीतून खालचा रस्ता दाखवा." उत्तर आलं नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. व्हिडिओ कॉल खरा निघाला तरी समोरचा माणूस मालक आहे हे सिद्ध होत नाही. महिनाभरासाठी घर घेतलेला माणूस तेच घर दहा जणांना दाखवून दहा टोकनं गोळा करू शकतो. म्हणून मालकीचा कागद किंवा घराच्या कराची पावती, ओळखपत्र आणि ज्या बँक खात्यात पैसे जाणार ते खातं, या तिन्हींवरचं नाव एकच हवं. मालकाच्या वतीने दुसरं कुणी व्यवहार करत असेल तर तसं अधिकारपत्र हवं. रोख रक्कम, आणि तीही पावतीशिवाय, कितीही छोटी असली तरी नाही.

टोकनाचा विषय संपला तरी खोलीतला ताण तसाच होता. तेव्हा दोघींना वेगवेगळे कागद दिले आणि पाच मिनिटांत एकच गोष्ट लिहायला सांगितली: या घराबाबत नेमकं काय घडेल याची भीती वाटते? वडील फोनवर होते, त्यांनी तोंडी सांगितलं. आईने लिहिलं, "रात्री लायब्ररीतून एकटी परत येताना." वडील म्हणाले, "अनामत बुडाली तर दुसऱ्यांदा भरायला पैसे नाहीत." मुलीने लिहिलं होतं, "घर मिळायला उशीर झाला तर मला परत नेतील."

तीन आठवडे घरात "सुरक्षित" या शब्दावरून वाद चालला होता, आणि तिघंही तो शब्द वेगवेगळ्या गोष्टीसाठी वापरत होते. आई रस्त्याबद्दल बोलत होती, वडील कागदाबद्दल. मुलगी तर घराबद्दल बोलतच नव्हती. "सुरक्षित आहे का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं प्रामाणिक उत्तर नसतं, म्हणून तो कितीही वेळा विचारला तरी चिंता उतरत नाही. "शेवटच्या २०० मीटरमध्ये दिवे लागतात का?" याला उत्तर असतं. मग पुढचं काम एवढंच होतं: प्रत्येकाच्या भीतीतून जाऊन तपासता येतील असे प्रश्न काढायचे.

मुलीची भीती आधी घेतली, कारण तिच्यामुळेच घाई होत होती. घरात एक तारीख ठरली. वर्ग सुरू होईपर्यंत घर नाही मिळालं तर पहिला महिना पाहुण्यासारखं कुठेतरी राहायचं: विद्यापीठाचं अतिथिगृह, ओळखीच्या विद्यार्थिनीची खोली किंवा महिन्याच्या बोलीवरची जागा. प्रवेश सोडायचा नाही. हे तिघांनी एकमेकांसमोर म्हटल्यावर मुलीने पहिल्यांदा खुर्ची टेबलाजवळ ओढली. हाताशी पर्याय नसलेला माणूस वाईट घरालाही हो म्हणतो.

मग पैसे. उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडं असावं हा ठोकताळा कमावत्या माणसांसाठी आहे, विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो सहसा मोडतोच. त्यापेक्षा उलटीकडून मोजावं: जेवण, शुल्काचा हप्ता, औषधं आणि घरी जाण्यायेण्याचा खर्च आधी बाजूला काढायचा, उरेल त्यात भाडं. या घरचा महिन्याचा सगळा खर्च १०० धरला, तर विद्यापीठालगतच्या घराचं भाडं ५० होत होतं आणि लांबच्या घराचं ३६. वडिलांचा कौल अर्थातच लांबच्या घराला. पण लांबच्या घराच्या भाड्यात रोजच्या प्रवासाचे ८ मिळवले, आठवड्यातून दोनदा रात्री उशिरा भाड्याच्या गाडीने यायचे ५ मिळवले, आणि बेरीज झाली ४९. शिवाय एका बाजूला ४० मिनिटं म्हणजे रोज ८० मिनिटं, आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर २९ तासांहून जास्त वेळ रस्त्यात. हा हिशेब प्रत्येक वेळी जवळच्या घराच्याच बाजूने लागतो असं नाही. थेट आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी बस असेल तर लांबचं घर जिंकतं. हिशेब मांडावा लागतो इतकंच.

महिन्याचं भाडं सगळे मोजतात, पहिल्या दिवशी लागणारी रक्कम विसरतात. अनामत, पहिल्या महिन्याचं भाडं, दलालाचा मोबदला, कराराचा खर्च, गादी-पंखा-बादली. यावर एका महिन्याच्या भाड्याइतकी शिल्लक हाताशी हवी. ती नसेल तर एकट्यासाठी घर घेण्यापेक्षा वाटून घेतलेलं बरं.

वाटून घेण्यात एक खाच असते आणि ती करारात असते. तिघींच्या नावाने एकच करार असेल तर बऱ्याच ठिकाणी पूर्ण भाड्याची जबाबदारी प्रत्येकीवर येते. एक मुलगी मधेच सोडून गेली की तिचा वाटा उरलेल्या दोघींच्या गळ्यात. खोलीनिहाय वेगळा करार मिळत असेल तर तो घ्यावा. नसेल तर जाणाऱ्या मुलीने पर्यायी भाडेकरू आणून द्यावी किंवा नोटिशीच्या काळाचं भाडं भरावं, हे तिघींनी आपापसांत तरी लिहून ठेवावं. झोपायची वेळ, मुक्कामी पाहुणे, साफसफाई आणि विजेच्या बिलाची वाटणी हे चार विषय राहायला जाण्याआधीच काढले तर पुढची कटकट बरीच वाचते.

आईच्या भीतीसाठी चालणं हाच उपाय होता. जाहिरातीतलं "विद्यापीठापासून ५ मिनिटं" हे सर्वांत जवळच्या कुंपणापासून आणि बहुधा गाडीने मोजलेलं असतं. परिसरच मोठा असेल तर फाटकापासून विभागापर्यंतच किलोमीटरभर चालावं लागतं. म्हणून अंतर लायब्ररीच्या दारापासून घराच्या दारापर्यंत मोजायचं, पायी. साधारण चालीने एका किलोमीटरला १२-१३ मिनिटं लागतात. दोघींना घरं आधी दिवसा बघायला सांगितली आणि पसंत पडलेली पुन्हा रात्री साडेनऊला, एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा सुट्टीच्या. बंद दिवे मोजायचे. कोणत्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना फक्त भिंत किंवा बंद शटर आहे ते बघायचं, कारण उजेडाइतकंच उघड्या खिडक्यांचं आणि माणसांच्या वावराचंही महत्त्व असतं. इमारतीचं फाटक रात्री कोण उघडतं आणि जिन्यातला दिवा कुठून लागतो हेही त्याच फेरीत कळतं. पहिलं घर या फेरीतच बाद झालं: दिवसा गजबजलेली बाजारपेठ रात्री पूर्ण ओस.

घरात शिरल्यावर आईची नजर कुलुपावर गेली, बहुतेकांची तिथेच जाते. दार भरीव आहे की पोकळ हे ठोकून कळतं. चौकटीत जिथे कडी शिरते त्या पट्टीचे स्क्रू आखूड असतील तर भारी कुलूपही एका लाथेत निघतं, ते ७-८ सेंटिमीटरचे आणि भिंतीपर्यंत गेलेले हवेत. आधीच्या भाडेकरूंकडे किल्ल्या राहिलेल्या असू शकतात, म्हणून कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली शिरते तो भाग, बदलायचा. हे काम छोटं आहे आणि मालकाला विचारून करता येतं.

पण भाड्याच्या घरात चोराखेरीज आणखीही धोके असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. बाथरूममध्ये गॅसवर चालणारा गीझर असेल आणि त्याचा धूर बाहेर नेणारी नळी नसेल, तर ते घर नाकारायचं, भाडं कितीही कमी असो. जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं आणि माणूस दार उघडण्याआधीच कोसळू शकतो. थंडीत झरोका पुठ्ठ्याने बंद केला जातो आणि नेमकं तेव्हाच घडतं. विजेच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेचा झटका बसू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का बघायचं आणि त्याचं चाचणीचं बटण दाबायचं. वीज लगेच खंडित झाली पाहिजे. सॉकेटभोवती तपकिरी डाग म्हणजे तिथे तापतंय. खिडकीला पक्के गज असतील तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का हे विचारायचं: चोर अडवणारे आणि आतून न उघडणारे गज आगीत पिंजरा होतात. एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर कपाटामागे हात फिरवून ओल तपासायची. सगळे नळ एकदम सोडून दोन मिनिटं थांबायचं. झोपायच्या खोलीत फोनला रेंज हवी, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

तिसरं घर जवळजवळ ठरलंच होतं. मालक वयस्क, बोलायला गोड, भाडं बसणारं. अडचण एका वाक्यात होती: "गच्चीतल्या झाडांना पाणी घालायला मी येत असतो अधूनमधून, माझ्याकडे किल्ली आहे." गच्चीचा रस्ता मुलीच्या खोलीतून होता. करारात याबद्दल काही नव्हतं. पुढच्या भेटीत मुलगी म्हणाली, "ते चांगले आहेत, त्यांना असं कसं बोलायचं? संशय घेतल्यासारखं होईल."

या केसमध्ये खरा वेळ इथे गेला. तपासायचं काय ते यादी बघून कुणालाही जमतं. मोठ्या माणसासमोर ते तोंडाने मागणं जमत नाही. मुलीने पहिल्या प्रयत्नात चार वेळा माफी मागितली आणि मुद्दा सांगायचाच राहिला. दुसऱ्या प्रयत्नात आवाज चढला. वाक्य लहान केल्यावर ते तिच्या तोंडी बसलं: "काका, करारात एक ओळ वाढवू या. घरात यायचं असेल तर २४ तास आधी कळवायचं, आग किंवा पाणीगळती सोडून. आणि मी घरात असतानाच यायचं." कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही, वाक्य संपलं की गप्प बसायचं. तीन वेळा सराव झाला, तिसऱ्या वेळी आईने मालकाची भूमिका केली आणि ती बरीच खडूस केली. खऱ्या मालकांनी मागणी ऐकून "विश्वास नसेल तर दुसरीकडे बघा" म्हटलं. मुलीला दोन दिवस वाईट वाटलं. पण करार व्हायच्या आधीच हे कळलं, ते बरंच झालं.

चौथं घर दुसऱ्या मजल्यावरचं, तीन जणींचं, खोलीनिहाय कराराचं. भाडं ठरवलेल्या आकड्याच्या किंचित वर. इथे तीच ओळ मालकीणबाईंनी न कुरकुरता लिहून दिली. वडिलांसाठी करारातल्या चार जागा वाचून घेतल्या: नोटीस किती दिवसांची, मुदतीआधी सोडलं तर किती कापणार, अनामत किती दिवसांत परत, आणि कोणत्या कारणांसाठी तीतून रक्कम कापता येईल. "रंग आणि साफसफाईसाठी योग्य ती रक्कम" असं मोघम वाक्य होतं, तिथे वापराने होणारी सर्वसाधारण झीज वगळून, असं लिहून घेतलं. भाडेकायदा जागोजागी वेगळा असतो, त्यामुळे सही करण्याआधी कराराचा मसुदा विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागात दाखवला. किल्ली मिळाली त्या दिवशी सामान आत नेण्याआधी मुलीने प्रत्येक भिंतीचा, नळाचा, ओरखड्याचा फोटो काढला, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे टिपले आणि सगळं त्याच दिवशी मालकीणबाईंना ईमेलने पाठवलं. अनामतीचे वाद शेवटच्या दिवशी होतात, पण त्यांचा निकाल बहुतेक वेळा या फोटोंवर लागतो.

आईची चिंता एवढ्याने गेली नाही, जाणारही नव्हती. तिला फोनवर मुलीचं ठिकाण चोवीस तास दिसायला हवं होतं, मुलीला ते नको होतं. शेवटी दोन निरोपांवर जमलं: लायब्ररीतून निघताना एक, दाराला आतून कडी लावल्यावर एक. मधे ३० मिनिटांहून जास्त गेली तर आधी मुलीला फोन, मग खोलीतल्या मैत्रिणीला.

राहिली किल्ली. नव्या सिलिंडरबरोबर मुलीच्या वाट्याला दोन आल्या आणि आईने एक मागून घेतली. मुलगी म्हणाली, "तू इथे यायला सात तास लागतात. तुझ्याकडे ठेवून काय उपयोग?" आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली, आणि ती ठेवायला विभागातल्या एखाद्या मैत्रिणीचं घर तिथून किती मिनिटांवर आहे ते विचारलं.