थंडीत बोटं पांढरी पडतात. सुई न टोचता रक्तप्रवाह तपासता येतो का?

हो, येतो. बोटं पांढरी, मग निळी आणि ऊब मिळताच लाल होत असतील, तर रेनॉडचा, म्हणजे थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसण्याच्या त्रासाचा, संशय घेऊन नखाच्या कडेची कॅपिलरोस्कोपी करतात. नखाच्या मुळाशी त्वचेवर तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकातून बघायचं, एवढंच. निरोगी माणसात केशवाहिन्या हेअरपिनसारख्या, ओळीत दिसतात. त्या फुगलेल्या किंवा मध्येच गायब असतील, रक्तस्रावाचे ठिपके असतील, तर स्क्लेरोडर्मासारखा (त्वचा कडक करणारा) आजार शोधावाच लागतो. म्हणूनच मला ही तपासणी सर्वात मोलाची वाटते. सुईविना होणाऱ्या आणखी दोन तपासण्या आहेत: लेझर डॉप्लर रक्तपेशींच्या हालचालीवरून प्रवाहाचा अंदाज देतं. थर्मोग्राफी फक्त त्वचेचं तापमान दाखवते. जाण्याआधी नेलपॉलिश काढा, नखाजवळची कातडी कुरतडू नका. बोटाला जखम झाली असेल किंवा टोक काळं पडत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक डॉक्टरांना गाठा.