कोल्हापूरकर स्वतः कुठे जेवतात?

प्रश्न : येत्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जाणार आहोत. मागच्या खेपेस महामार्गालगतच्या एका मोठ्या हॉटेलात ‘कोल्हापुरी थाळी’ घेतली होती. ती इतकी जहाल होती की मुले अर्ध्या ताटावरून उठली. खुद्द कोल्हापूरकर जिथे जातात, अशी ठिकाणे सुचवाल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नुसता तिखटाचा मारा म्हणजे कोल्हापुरी, हा समज बाहेरगावच्या हॉटेलांनी रुजवला आहे आणि त्यामुळे या गावच्या स्वयंपाकावर फार अन्याय झाला आहे. कोल्हापूरच्या घरात उन्हाळ्यात वर्षभराची कांदा-लसूण चटणी करून ठेवतात. तिच्यात मिरचीबरोबर कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ, धणे आणि खडा मसाला असतो, म्हणून तिखटाच्या आधी जिभेला खमंगपणा जाणवतो. हा खमंगपणा अनुभवायचा असेल तर शहरातल्या पेठांमधल्या लहान, घरगुती खानावळी शोधाव्यात. तिथे पदार्थ मोजके असतात, मटण सकाळी शिजते आणि संपले की संपले. तेव्हा दुपारी उशिरा जाऊन उपयोग नाही. बुधवार आणि रविवार हे तिथले मटणाचे वार, त्या दिवशी गर्दी असली तरी जेवण ताजे मिळण्याची खात्री अधिक.

खानावळ चांगली आहे की नाही, हे पांढऱ्या रश्शावरून ओळखावे. हळद, मीठ, आले-लसूण घालून मटण शिजवले की त्याचे जे पाणी उरते, त्याला अळणी म्हणतात. त्यात नारळाचे दूध, खसखस आणि तीळ वाटून घातले की पांढरा रस्सा होतो. तो पातळच असला पाहिजे, कारण तो वाटीने प्यायचा असतो. चमच्याला चिकटेल इतका दाट रस्सा समोर आला, तर काजूची पेस्ट सढळ हाताने पडली आहे असे खुशाल समजावे. मुलांना आधी अळणी आणि भात द्यावा, मग पांढरा, आणि सोसेल त्याने तांबडा घ्यावा. दोन्ही रस्से पुन्हा पुन्हा वाढण्याची तिथे रीत आहे. मागायला संकोच करू नये.

मिसळीसाठी पर्यटकांच्या रांगा आता शिवाजी उद्यमनगरातल्या फडतरे यांच्याकडे लागतात. मिसळ उत्तम आहेच, पण रांगेत वेळ घालवायचा नसेल तर कसबा बावड्याकडे जाऊन बावडा मिसळ खावी. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नव्हे, तर स्लाइस ब्रेड येतो आणि कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, वेगळा मागता येतो. मिसळ हा तिथे सकाळचा पदार्थ आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

सायंकाळी बहुतेक पाहुणे रंकाळा तलावावरच्या गाड्यांवर थांबतात. आपण खासबागेत जावे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले तिथले कुस्तीचे मैदान 1912 सालचे आहे. ते पाहून झाल्यावर जवळच राजाभाऊंची भेळ मिळते. त्यानंतर गंगावेशीतला दूध कट्टा मात्र चुकवू नये. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, गवळी आपल्यासमोर धार काढतो आणि फेसाने काठोकाठ भरलेला कोमट पेला हातात देतो. शेजारी एखादा तालमीतला पैलवान उभ्या उभ्या दोन-तीन पेले रिचवत असतो. ज्या गावाने कुस्ती जोपासली, त्या गावचा खुराक इथे डोळ्यांसमोर दिसतो, म्हणून मला हे ठिकाण कोणत्याही खानावळीपेक्षा मोलाचे वाटते. हे दूध न तापवलेले असते, त्यामुळे लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वयोवृद्ध यांनी ते पिऊ नये. त्यांनी केवळ पाहिले तरी पुरे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. कोल्हापुरात आमच्यासाठी ‘व्हेज कोल्हापुरी’ सोडून काही आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पुष्कळ आहे. ‘व्हेज कोल्हापुरी’ ही हॉटेलांची भाजी आहे. कोल्हापूरच्या घरी ती कोणी रांधत नाही. त्याऐवजी एखाद्या साध्या धाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी घ्यावी. कोल्हापूर, सांगली, कऱ्हाड या पट्ट्यात मंडळी रात्री खास यासाठी गावाबाहेर जातात. मसूर आख्खा राहिलेला, तरी दाबताच मऊ लागणारा असावा.

आपण पन्हाळ्याला जाणारच असाल, तर दुपारचे जेवण शहरात उरकू नये. गडावर ठिकठिकाणी बायका झुणका-भाकरी करून देतात. भाकरी चुलीवरून थेट ताटात येते, सोबत हिरव्या मिरचीचा खरडा, कांदा आणि दही असते. खरडा जपून घ्यावा आणि दही आधीच जास्तीचे मागून ठेवावे. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिथे बरीच गर्दी होते, म्हणून बारापूर्वी बसलेले बरे.