3 महिन्यांच्या सरावावर अलिबाग ते रत्नागिरी सायकलने जमेल का?

प्रश्न: मी 3 महिन्यांपासून सायकल चालवतोय. सपाट रस्त्यावर रोज 25 किमी होतात. डिसेंबरात अलिबागहून किनाऱ्याच्या रस्त्याने रत्नागिरीला जायचंय. आठवड्याला किती किलोमीटरचा सराव हवा?

उत्तर:

किलोमीटर मोजणं थांबवा, चढ मोजा. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असं मलाही वाटायचं. ते माझ्या उजव्या गुडघ्याला भोवलं.

कोकणात खाड्या आत घुसलेल्या. रस्ता सड्यावरून, म्हणजे उंच खडकाळ पठारावरून, खाडीला उतरतो, फेरीबोटीने पलीकडे गेलं की पुन्हा सडा गाठायचा. तुमच्या वाटेवर आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा चार फेरीबोटी. बोटीत पाय गार पडतात आणि धक्क्यावरून निघालं की थोड्याच वेळात चढ सुरू.

मी याच रस्त्याने पहिल्यांदा निघाले तेव्हा नवी मुंबईत होते. तिथल्या सपाट पाम बीच रोडवर रोज 40 किमी मारायचे, त्यामुळे तयारी झाली असं धरून चालले. सोबत मामेभाऊ. दादा शाळेपासून विनागियरच्या सायकलवर वाढलेला. त्याचं म्हणणं, हलका गियर टाकणं म्हणजे कमीपणा आणि उतरून ढकलणं म्हणजे हार. मी त्याचं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दाभोळहून धोपाव्याला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मागच्या चाकाची दातेरी चकती जितकी मोठी, तितका चढावर पेडल हलका; माझ्या सायकलला मागची सर्वात मोठी चकती फक्त 28 दातांची, कॅरिअरवर 8 किलो सामान. जड गियरवर उभी राहून मी तो चढ रेटला. मिनिटाला पेडलचे 40 फेरेही होत नव्हते. अर्ध्यावर गुडघ्यात कळ आली. तरी उतरले नाही, कारण दादा वर वळणावर थांबून बघत होता. गुहागरला पोचले ती लंगडतच. माझं माहेर त्याच तालुक्यात, तिथेच राइड संपवली. पुढे दोन महिने सायकलला हात लावला नाही. दादा आजही म्हणतो, तुझा दम कमी पडला. दम होता. गियर चुकीचा होता, सीट खाली होती आणि सराव चढाचा नव्हता.

पुढच्या वर्षी मागे 34 दातांची चकती बसवून घेतली. पुढची लहान चकतीही 34 ची, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचाही एकच फेरा. तोच धोपाव्याचा चढ बसून, बोलत बोलत चढले. जिथे खडी सुटलेली होती तिथे उतरून ढकलली. यात हार कसली?

तुम्ही आठवड्यातले दोन दिवस एकच चढ पाच-सहा वेळा चढा. फ्लायओव्हर असेल तर फ्लायओव्हर. रविवारी लांब राइड, दर वेळी 10-15 किमी वाढवत, आणि चौथ्या आठवड्याला कमी. शेवटचा महिना शनिवार-रविवार सलग चालवा, सामान लादून. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसवतं का, ते तेव्हाच कळतं. दर अर्ध्या तासाला काहीतरी खा. दमट हवेत नुसतं पाणी पुरत नाही, मीठ घातलेलं कोकम सरबत सोबत ठेवा. सकाळी सहाला निघा, अकराच्या आत मोठे चढ संपवा.

धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं, तिथे सायकलवर बसू नका. फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, शेवटची बोट चुकली की खाडीला वळसा घालून जावं लागतं. आणि गुडघा आधीच दुखत असेल तर माझं ऐकून चढ मारू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. 34 ची चकतीही सरसकट प्रत्येक सायकलला बसत नाही, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) पेलतो का ते मेकॅनिककडून बघून घ्या.

पण आज घरी गेल्यावर मागच्या सर्वात मोठ्या चकतीचे दात मोजा. 28 किंवा कमी भरले तर आधी ते काम, मग आठवड्याचे किलोमीटर.