ऑटोमॅटिक घेतोय? आधी कन्नड घाटाचा विचार कर भाऊ

ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्या सारख्याच असं समजू नको भाऊ. स्वस्तातली एएमटी म्हणजे आपला साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर तुझ्याऐवजी मशीन दाबतं, आपल्याकडे २०१४ला सेलेरियोत आली न मग सगळ्यांनीच आणली. अ‍ॅव्हरेज झकास, पण गिअर बदलताना मान पुढं डुलते, तेव्हा जरा अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, सवय होते.

एएमटीची खरी परीक्षा चाळीसगावहून कन्नड घाट चढताना. मी एकदा पुढं ट्रक अडकलेला न मागं लाईन असा फसलो, ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवली, पाच मिनिटात क्लच जळाल्याचा वास! तसं कधीच करू नको, हँडब्रेक लाव. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडला तरी गाडी क्षणभर मागं जाऊ न देणारी सोय, आहे का ते शोरूमला आधी विचार.

ऑटोमॅटिकचे बाकीचे प्रकार बघ. डीसीटीत दोन क्लच, पुढचा गिअर आधीच तयार, पळते भन्नाट पण ड्राय क्लचवाली (क्लच तेलात नसलेली) ट्रॅफिकमध्ये रांगून तापते, त्यात आपला जळगावचा मे महिना. सीव्हीटीत पट्टा न दोन पुली, गिअरच नाही, गावात लोण्यासारखी, जोरात दाबली की नुसती बोंबलते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जोर तेलातून जातो, घाटात तीच निवांत, बजेट असेल तर डोळे झाकून तीच घे.