हानशिन टायगर्स आणि योमिउरी जायंट्स यांच्यात एवढी खुन्नस का?

तुम्ही विचारलंय की जायंट्सनी हानशिनपेक्षा कितीतरी जास्त विजेतेपदं मिळवली आहेत, मग जपानी बेसबॉलमध्ये याच जोडीचं एवढं का चालतं?

मी ओसाकाजवळ राहतो आणि हानशिनचा चाहता आहे, हे आधीच सांगतो. माझ्या मते ही बरोबरीची लढत कधीच नव्हती, आणि खुन्नस आहे ती त्यामुळेच.

जायंट्स हा तोक्योचा, १९३४ साली उभा राहिलेला योमिउरी वृत्तपत्राचा संघ. मालकाच्या हाती वर्तमानपत्र आणि पुढे टीव्हीसुद्धा, त्यामुळे त्यांचे चाहते देशभर. १९६५ ते १९७३ सलग नऊ वर्षं जपान सिरीज, म्हणजे हंगामाच्या शेवटी देशाचा विजेता ठरवणारी मालिका, त्यांनीच जिंकली. हानशिन १९३५ चा, आमच्या भागातल्या रेल्वे कंपनीचा. नानकाई आणि हानक्यू या इथल्या दुसऱ्या रेल्वे कंपन्यांचेही संघ होते, पण १९८८ मध्ये दोघांनीही ते विकले. तोक्योला आव्हान द्यायचं ते हानशिननेच, असं इथल्या बहुतेकांच्या मनात पक्कं आहे. आणि आमच्या या संघाने जपान सिरीज जिंकली फक्त दोनदा, १९८५ आणि २०२३ मध्ये!

पण हा राग समजून घ्यायचा असेल तर एगावा प्रकरण माहीत हवंच. सुगुरु एगावा हा त्या काळचा सगळ्यात गाजलेला तरुण पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू), आणि त्याला फक्त जायंट्सकडूनच खेळायचं होतं. कोणता नवा खेळाडू कुणाकडे जाणार हे ड्राफ्टमध्ये ठरतं. १९७८ च्या ड्राफ्टच्या आदल्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, नियमातली फट शोधून जायंट्सनी त्याच्याशी परस्पर करार केला. लीगने तो मानला नाही, तेव्हा त्यांनी ड्राफ्टवरच बहिष्कार घातला. तिथे एगावाला मागणाऱ्या संघांमधून चिठ्ठी निघाली हानशिनच्या नावाने. तरीही शेवटी तोडगा काय निघाला? हानशिनने त्याला घ्यायचं आणि लगेच जायंट्सना देऊन टाकायचं. चोरी पकडली गेली आणि माल मात्र चोराकडेच राहिला.

बदल्यात जायंट्सचा शिगेरु कोबायाशी हानशिनकडे आला. तो साधासुधा पिचर नव्हता, १९७७ चा सावामुरा पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान, त्याच्या नावावर होता. सराव शिबिरासाठी संघाबरोबर विमानाने निघालेला असताना त्याला हानेदा विमानतळावरून परत बोलावून ही अदलाबदल सांगितली गेली. त्याने जाहीर तक्रार केली नाही. १९७९ च्या हंगामात त्याने २२ सामने जिंकले, पुन्हा सावामुरा पुरस्कार मिळवला आणि जायंट्सविरुद्ध आठ विजय, एकही पराभव नाही! एगावा पदार्पणाचा सामना हरला, तोही हानशिनविरुद्धच. त्या वर्षी आम्ही विजेते नव्हतो, तरी इथली जुनी माणसं कोबायाशीबद्दल ज्या मायेने बोलतात तशी माया विजेत्यांच्याही वाट्याला क्वचितच येते.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर सामना कोशिएनलाच बघा. १९२४ सालचं हे मैदान हानशिन रेल्वेच्या मार्गावरच आहे. जायंट्सच्या सामन्यांची तिकिटं लवकर संपतात, विक्री सुरू होताच घ्या. उजव्या आउटफिल्डमागच्या प्रेक्षागृहात हानशिनचे कट्टर चाहते असतात, त्यामुळे जायंट्सच्या रंगांचे, नारिंगी-काळे कपडे घालून तिथे बसू नका.