सिस्टरना विचारा: सासऱ्यांना उठवू की झोपू देऊ?

प्रश्न: सिस्टर, सासऱ्यांच्या लिव्हरला गाठ होती. मुंबईत ऑपरेशन करून उजवीकडचा भाग काढला. दुसऱ्याच दिवशी नर्सने त्यांना खुर्चीत बसवून चहा पाजला, तिसऱ्या दिवशी चालवलं, आठव्या दिवशी घरी पाठवलं. घरचे म्हणतात, त्यांना खाट रिकामी करायची होती. सासूबाई आता त्यांना उठू देत नाहीत, नुसती पेज भरवतात. शेजारी काविळीचं गावठी औषध आणून देतो म्हणतायत. काय करू?
– एक सूनबाई, देवगड

उत्तर: खाटेचा काही संबंध नाही गो. मी मुंबईला लिव्हरच्या वॉर्डात २२ वर्षं काढली. सुरुवातीला आम्हीसुद्धा सासूबाईंसारखंच करायचो. नाकात नळी, वारा सरेपर्यंत तोंडात पाणी नाही, पेशंट दिवसच्या दिवस आडवा. मग छातीत कफ भरायचा, पायात रक्ताची गुठळी व्हायची. १९९०च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी या सवयी एकेक करून तपासायला घेतल्या. २०१६ साली लिव्हरच्या ऑपरेशनसाठी वेगळे नियम छापून आले: पेशंटला लवकर उठवा, लवकर खायला द्या. पण कागद काही पेशंटला उठवत नाही. पहाटे ‘चला आबा, पाय खाली सोडा’ म्हणून शिव्या खाते ती नर्सच.

आता ते काम तुझं. उठताना आधी कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या रेट्याने बसायचं. खोकला आला की टाक्यांवर उशी दाबून धरायची. दिवसातून चार-पाच वेळा पडवीपासून तुळशीपर्यंत चालू दे. विहिरीचं पाणी, आंब्याच्या पेट्या यांना मात्र डॉक्टर सांगेपर्यंत हात लावायचा नाही. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र दिलंय ना? त्यात फुंकतात निम्मे लोक! श्वास आत ओढायचा असतो, सावकाश. गुठळी होऊ नये म्हणून पोटात टोचायची इंजेक्शनं दिली असतील तर मध्येच बंद करू नका.

पेज चांगलीच, पण नुसत्या पेजेवर लिव्हर कशी वाढणार? उरलेली लिव्हर वाढते, त्याला प्रथिनं लागतात. अंडं, डाळ, कमी तिखटाचं बांगड्याचं कालवण, थोडं थोडं पाच-सहा वेळा. कालवं, तिसऱ्या असल्या शिंपल्या अर्ध्या कच्च्या अजिबात नकोत, त्यातले जंतू लिव्हरच्या पेशंटला जिवावर बेततात. दारूचा थेंब नको. पॅरासिटामॉल कागदावर लिहिलंय तेवढंच.

गावठी औषध नको म्हणजे नकोच. काही झाडपाल्यानेच लिव्हर बिघडते. आणि आत्ता डोळे पिवळे झाले तर ती उतरवून घ्यायची कावीळ नव्हे. पित्त गळत असेल, किंवा उरलेल्या लिव्हरला भार पेलत नसेल. तसं दिसलं, ताप-थंडी आली, पोट फुगलं, शौच काळी झाली, एकच पोटरी सुजली, धाप लागली, किंवा आबा दिवसा पेंगून रात्री असंबद्ध बोलायला लागले, तर सोमवारची वाट बघू नकोस. डिस्चार्जच्या कागदावरच्या नंबरला फोन कर आणि तोच कागद घेऊन जवळचं हॉस्पिटल गाठ.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. चेंडू किती वर गेले ते मोजायला त्यांना बसव. जाग्या वेळात दर तासाला दहा श्वास, आणि वहीत त्यांनीच लिहायचं.